एका दिवसाची वाट



ऑगस्ट महिना संपत आला, की आपल्या धर्मग्रामात एकच चर्चा सुरू होते. हरेगावच्या मतमाउलीला यंदा किती जण पायी जाणार? झेंडा कोण धरणार, सामानाचा टेम्पो कोणाचा, मुक्काम कुठे कुठे? आणि या चर्चेबरोबर दरवर्षी एक प्रश्नही कोणीतरी विचारतेच. "फादर, आता एस.टी. आहे, जीप आहे. सकाळी निघालं की दुपारी हरेगाव. मग इतके दिवस पाय झिजवायचे कशाला?"

प्रश्न चांगला आहे. त्याची उत्तरेही आपल्याकडे तयार असतात. कोणी म्हणते, नवस बोललो आहे. कोणी म्हणते, आमचे आजोबा जात होते म्हणून आम्ही जातो. कोणी म्हणते, शरीराला थोडा त्रास झाल्याशिवाय भक्ती कसली? या तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण एक गोष्ट त्यांतून सुटते. नवस एकट्याने चालूनही फिटतो. शरीराला त्रास एकट्यालाही देता येतो. मग आपण पन्नास-साठ माणसे, म्हातारी-कोतारी, लेकुरवाळ्या बाया आणि शाळकरी पोरे मिळून का चालतो?

या लेखात आपण पदयात्रेचा फक्त एक दिवस घेऊ या. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा. आणि त्या एका दिवसाकडे पवित्र शास्त्राच्या उजेडात पाहू या.

चालणाऱ्यांचा धर्म

पवित्र शास्त्र उघडले, की माणसे चालताना दिसतात. अब्राहाम आपला देश सोडून निघाला तो पायीच. इस्राएल लोक मिसर देशातून बाहेर पडले आणि चाळीस वर्षे रानात चालत राहिले. वचनदत्त देशात स्थिरावल्यावरही परमेश्वराने त्यांना घरात स्वस्थ बसू दिले नाही. वर्षातून तीन सणांना त्याच्यासमोर यावे, असा नियम अनुवादाच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात दिला आहे. स्तोत्रसंहितेत १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे आहेत. त्यांना आरोहणाची स्तोत्रे म्हणतात. यरुशलेमचा चढ चढताना यात्रेकरू ती गात असत, असे अभ्यासक मानतात. आपल्या भजनी मंडळाने वाटेत टाळ वाजवणे हे काही नवे खूळ नव्हे!

आपला प्रभू येशू याच रिवाजात वाढला. वल्हांडणाच्या सणाला त्याचे आईवडील दरवर्षी यरुशलेमला जात, असे संत लूक सांगतो. पुढे प्रभूचे सेवाकार्यही गावोगाव चालतच झाले. आणि प्रेषितांच्या काळात, 'ख्रिस्ती' हे नाव रूढ होण्याआधी, आपल्या श्रद्धेला 'मार्ग' म्हणत असत. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात हा शब्द आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयी जो मुख्य दस्तऐवज दिला, त्याचा सातवा अध्याय यात्रिक ख्रिस्तसभेवरच आहे. आपण अजून पोहोचलेलो नाही, वाटेवर आहोत, हे त्याचे सार. २०२१ ते २०२४ या काळात जगभरच्या धर्मग्रामांतून ज्या 'सिनड'ची चर्चा झाली, त्या ग्रीक शब्दाचा अर्थही 'मिळून चालण्याची वाट' असाच आहे. आणि २०२५ हे जयंती वर्ष ख्रिस्तसभेने 'आशेचे यात्रेकरू' या ब्रीदाखाली पाळले. रोममध्ये जे मोठ्या शब्दांत सांगितले गेले, ते बीड जिल्ह्यातील आपल्या माणसांना सप्टेंबरच्या चिखलात अनुभवता येते.

हरेगावची वाट

हरेगाव आज अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, नाशिक धर्मप्रांतात आहे. बीड जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. म्हणजे आपण जिल्ह्याची आणि धर्मप्रांताची, अशा दोन्ही सीमा पायी ओलांडतो. हरेगाव एकेकाळी बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यासाठी ओळखले जाई. तेथील संत तेरेजा चर्चमध्ये १९४९ पासून मतमाउलीची यात्रा भरते. ८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिवस. त्याच्या आधी नोव्हेना होते आणि त्या सुमारास यात्रा भरते. महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून लोक येतात. याच दिवसांत मुंबईला वांद्र्याच्या मोत माउलीची आणि तामिळनाडूत वेलांकनी मातेची यात्रा असते. वेलांकनीलाही हजारो लोक पायी जातात.

आपल्या मराठवाड्यात पायी चालण्याची भक्ती कोणाला शिकवावी लागत नाही. पैठणहून पंढरपूरला निघणारी संत एकनाथांची पालखी आपल्या जिल्ह्यातून, पाटोद्यावरून जाते. शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते. आषाढात आपले शेजारी त्या वाटेने जातात. आपल्यापैकी अनेकांनी त्यांना पाणी दिले असेल, चहा दिला असेल. भादव्याच्या सुमारास आपण निघतो, तेव्हा तेच शेजारी आपल्याला पाणी देतात. "ही तर वारीची नक्कल," असे कोणी म्हणाले, तर वाईट वाटून घेऊ नये. चालणे ही कोणा एका धर्माची मालमत्ता नाही. दिंडी शिस्तीने कशी चालते, हे शेजाऱ्याकडून शिकण्यात कमीपणाही नाही. आपण कोणाकडे चाललो आहोत आणि कोणाबरोबर चाललो आहोत, हे मात्र आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

पहाट : रांग

गेवराई सोडून उमापूरकडे जाणारा टप्पा डोळ्यांसमोर आणा. पहाटे चारला उठायचे. उजाडण्याआधी निघायचे, कारण पाऊस नसला तर सप्टेंबरचे ऊन दहा वाजताच चटके देते. आधी प्रार्थना, मग चहा आणि बिस्किटे. पुढे क्रूस, त्यामागे झेंडा, मग मातेची मूर्ती, मग बायका, मग पुरुष, आणि शेवटी टेम्पो. जपमाळेचा पहिला दशक सुरू झाला, की अंधारात फक्त आवाज आणि पावले ऐकू येतात. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन. बाजरीची कणसे भरत आलेली.

या रांगेकडे आपण सहसा लक्ष देत नाही. पण गणनाच्या पुस्तकाचा दहावा अध्याय वाचा. रानात इस्राएल लोकांचा तळ हलवताना कोणत्या वंशाने कधी निघायचे, हे तेथे नेमून दिलेले आहे. यहूदाचा वंश सर्वांत पुढे. आणि सर्वांत शेवटी दान वंश. तो सगळ्या छावण्यांचा पाठराखण करणारा. म्हणजे मागे चालणे ही शास्त्रात नेमणूक आहे, ती कोणाची नामुष्की नव्हे.

त्याहून मोठी गोष्ट निर्गमच्या चौदाव्या अध्यायात आहे. फारोचे सैन्य पाठलाग करत आले, तेव्हा लोकांच्या पुढे चालणारा देवदूत आणि मेघस्तंभ पुढून निघाला आणि त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. संदेष्टा यशयाही (अध्याय ५२) असेच सांगतो. परमेश्वर आपल्या लोकांच्या पुढेही चालतो आणि पाठीही राखतो.

आपण क्रूस पुढे धरतो, ते योग्यच आहे. पण देव फक्त पुढे असतो, असे समजू नये. रांगेच्या शेवटी जी आजी काठी टेकत येते, तिच्याही मागे तो चालत असतो.

दुपार : चाल

सकाळी सगळेच जोमात असतात. खरी पदयात्रा अकरानंतर सुरू होते. पायाला फोड येतात. चपलेचा अंगठा तुटतो. पावसाची सर आली, तर काळी माती चपलेला धरून ठेवते. आता रांग लांबू लागते. तरुण पोरे अर्धा किलोमीटर पुढे, आणि मागे पाच-सहा जणांचा एक घोळका. पुढच्यांना वाटते, विसाव्याच्या ठिकाणी लवकर पोहोचावे. मागच्यांना वाटते, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो आहे.

अशाच एका दुपारी आम्ही मागच्या घोळक्याबरोबर चालत होतो. त्यात आपल्याच एका वस्तीवरची, पन्नाशीची एक बाई होती. बरीच वर्षे ऊसतोडीला जाऊन तिची कंबर गेलेली. ती थांबत थांबत चालत होती. दुसऱ्यांदा बसली, तेव्हा हसून म्हणाली, "फादर, हितं मागं राहिलं तर खाडा पडतो का?"

आपल्या जिल्ह्यात 'खाडा' शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. आजारपणामुळे, बाळंतपणामुळे, पाळीच्या त्रासामुळे एक दिवस काम चुकले, की खाडा. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो, आणि तो अनेकदा मजुरीपेक्षा जास्त असतो. हा दंड चुकवण्यासाठी बाया काय काय सोसतात, हे २०१९ साली सगळ्या देशासमोर आले. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढलेले आढळले. ते आकडे वर्तमानपत्रात आले, तेव्हा आपल्याला आकडे दिसले. आपल्या पदयात्रेत मात्र त्यांच्यासारख्याच बाया आपल्या मागे चालत असतात.

म्हणून त्या बाईचा प्रश्न आम्ही थट्टेचा मानत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात क्वचितच कोणी इतका नेमका प्रश्न विचारतो. मागे राहणाऱ्याचे काय करायचे? याला शास्त्र तीन ठिकाणी उत्तर देते.

पहिले उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात. याकोब वीस वर्षांनी भाऊ एसाव याला भेटतो. दोघांचा समेट होतो. एसावाबरोबर चारशे माणसे असतात. तो म्हणतो, चल, मिळून जाऊ. याकोब नम्रपणे नाही म्हणतो. माझी मुले कोवळी आहेत, गुरे-मेंढरे पाजती आहेत, त्यांना एक दिवस जरी जास्त दामटले तरी कळप मरून जाईल. तू पुढे हो, मी त्यांच्या चालीने येतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. ज्याला मेंढरे ठाऊक आहेत, त्याला याकोबाचे म्हणणे लगेच पटेल. लक्षात घ्या, कुटुंबाची चाल कर्त्या पुरुषाने ठरवली नाही. ती सर्वांत लहानाने ठरवली.

दुसरे गणनाच्या बाराव्या अध्यायात. मोशेची बहीण मिर्याम मोशेविरुद्ध बोलली. तिला त्वचारोग झाला आणि सात दिवस छावणीबाहेर राहावे लागले. ती परत येईपर्यंत लोक पुढे निघाले नाहीत. येथे मिर्याम निर्दोष नव्हती. चूक तिचीच होती. तरीही हजारो लोकांचा तांडा एका बाईसाठी सात दिवस थांबला. "तिने आपल्या हाताने ओढवून घेतलं, आम्ही का थांबायचं?" असे तेथे कोणी म्हटल्याची नोंद नाही.

तिसरे उत्तर इशाऱ्याच्या रूपात आहे. अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात अमालेकी लोकांचे पाप आठवणीत ठेवा, अशी आज्ञा आहे. ते पाप कोणते? इस्राएल लोक थकलेले असताना अमालेक्यांनी मागे रेंगाळलेल्या दुबळ्यांवर हल्ला केला. त्यांनी देवाचे भय धरले नाही, असे शास्त्र म्हणते. म्हणजे मागे पडलेल्याला गाठून मारणे ही नुसती क्रूरता नव्हे, ती नास्तिकता आहे.

आता ही तीन उत्तरे एकत्र ठेवा. याकोब आपली चाल कमी करतो. मोशेचे लोक थांबतात. अमालेक मागच्यालाच हेरतो. जगात चौथी रीतही आहे, खाड्याची. तीत मागच्याला कोणी मारत नाही, फक्त त्याच्या नावापुढे रक्कम लिहिली जाते. आपण ज्या दिवशी मिळून चालतो, त्या दिवशी आपल्याला ठरवायचे असते, की आपली रांग कोणासारखी चालणार.

त्या बाईला आम्ही उत्तर दिले नाही. दोन तरुण, जे पुढे गेले होते, ते परत मागे आले. त्यांनी तिची पिशवी घेतली आणि तिच्या चालीने चालू लागले. उत्तर त्यांनीच दिले.

थोडे तत्त्वज्ञान

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवताना माणसाला एक लॅटिन नाव दिले जाते, 'होमो व्हिआटॉर', म्हणजे वाटसरू माणूस. संत थॉमस अक्विनास याने १३ व्या शतकात हा विचार नीट मांडला. या जगातला माणूस पोहोचलेला नसतो, वाटेवर असतो. म्हणून त्याला आशा या सद्गुणाची गरज असते. जो पोहोचला त्याला आशेची गरज नाही, आणि ज्याला वाटच नाही त्याला आशा करता येत नाही.

संत थॉमस सांगतो, की आशेला दोन शत्रू आहेत. एक निराशा आणि दुसरा फाजील भरवसा. हे दोघेही आपल्या रांगेत ओळखू येतात. निराश माणूस रस्त्याच्या कडेला बसतो आणि म्हणतो, माझ्याने आता होणार नाही. फाजील भरवशाचा माणूस झेंड्याच्याही पुढे निघून जातो. त्याला वाटते, आपण पोहोचलोच. एकाने वाट सोडली, दुसऱ्याने सोबत सोडली. दोघेही यात्रेतून बाहेर पडले, आणि दुसऱ्याला तर ते कळतही नाही!

गाब्रिएल मार्सेल हा गेल्या शतकातला फ्रेंच विचारवंत. १९२९ साली तो कॅथलिक झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, आपला देश परक्यांच्या ताब्यात असताना, त्याने आशेवर चिंतन केले. त्याच्या निबंधसंग्रहाचे नावही 'होमो व्हिआटॉर' हेच आहे. त्याचा मुद्दा आपल्या भाषेत असा सांगता येईल. इच्छा एकट्याची असू शकते, आशा मात्र नेहमी 'आपल्यासाठी' असते. मला नोकरी मिळावी, ही माझी इच्छा. आपले घर तगावे, आपली माणसे सुखरूप परत यावीत, ही आशा. म्हणून आशा करायची तर सोबत लागते. पदयात्रा मिळून का करायची, या प्रश्नाचे तत्त्वज्ञानाकडचे उत्तर हेच आहे.

नवसाविषयी

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे गरजेचे आहे. आपल्याकडे काही वयस्क भगिनी "बोलले आहे म्हणून" पाय सुजलेले असताना, साखरेचा किंवा रक्तदाबाचा आजार असताना पायी निघतात. थांबवले तर घाबरतात, की माउली कोपेल.

माउली कोपत नाही. नवस म्हणजे देवाशी केलेला सौदा नव्हे. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे (कलम ११९१) नवस हे देवाला विचारपूर्वक आणि स्वखुशीने दिलेले वचन आहे. ते शक्य असलेल्या चांगल्या गोष्टीचेच असते. ते पाळावे, हे खरे. पण प्रकृती साथ देत नसेल, तर खासगी नवसातून योग्य कारणासाठी मोकळीक देण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या धर्मगुरूला आहे (कलम ११९६). आणि नवस बोललेली व्यक्ती तो तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृतीत स्वतः बदलूही शकते (कलम ११९७). म्हणून अशा कोणी असतील, त्यांनी मनात भय न बाळगता मिस्सानंतर आम्हाला येऊन भेटावे. दोन मिनिटांचे काम आहे. मग टेम्पोत बसून जपमाळ म्हणत या, पाणी वाटत या. तुमची यात्रा पुरी होईल.

संध्याकाळ : मोजदाद

ऊन उतरले, की मुक्कामाचे गाव दिसते. शाळेचा व्हरांडा, कोणाचा तरी वाडा, नाही तर मंगल कार्यालय. गावातली माणसे विचारपूस करतात. पिठले-भाकरी होते. कोणी हळद-तेल गरम करते, कोणी दुसऱ्याच्या पायाच्या फोडांना पट्टी बांधते. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, ते पुण्य गुरुवारी आपण वेदीजवळ पाहतो. येथे ते कोणी न सांगता घडते.

आणि मग एक साधे काम असते. माणसे मोजायची.

हे काम कंटाळवाणे वाटते. पण संत लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आठवा. येशू बारा वर्षांचा होता. सण आटोपून मरिया आणि योसेफ परत निघाले. मुलगा सोबतीच्या लोकांत असेल, असे समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले. मग नातलगांत आणि ओळखीच्यांत त्याला शोधू लागले, तेव्हा तो नव्हता. मंदिरात तो सापडला तो तीन दिवसांनी.

प्रत्यक्ष पवित्र कुटुंबाला हे घडले, यात आपल्यासाठी मोठा धडा आहे. 'सोबतीच्या लोकांत असेल' हे वाक्य आपणही किती सहज म्हणतो! तो पोरगा आज मिस्साला दिसला नाही, असेल कुठेतरी. ती म्हातारी दोन रविवार आली नाही, लेकीकडे गेली असेल. असे म्हणत आपण एक दिवसाची नव्हे, वर्षाची वाट चालून जातो. मरिया-योसेफाचे मोठेपण असे, की कळल्याबरोबर ते परत फिरले. चाललेली वाट वाया गेली, असा विचार त्यांनी केला नाही. त्यांनी यरुशलेमची वाट पुन्हा धरली.

म्हणून रात्रीची मोजदाद हीही उपासना आहे असे आम्ही मानतो. नाव घेऊन मोजावे. आकड्याने मोजले, तर एक कमी भरतो. नावाने मोजले, तर कोण कमी आहे ते कळते.

हरेगावहून परतल्यावर

यात्रा सप्टेंबरात संपते. त्यानंतर एक-दोन महिन्यांत आपल्या धर्मग्रामातील काही घरांना कुलपे लागतात. बैलगाडीने, ट्रॅक्टरने, ट्रकने ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. उसाच्या फडाजवळ कोप्या बांधून राहतात. नाताळ तिकडेच होतो. उपवासकाळाची सुरुवात तिकडेच होते. मागे राहतात ते म्हातारे आईबाप आणि कधी शाळेत जाणारी मुले.

पदयात्रेत एका बाईसाठी मागे फिरणारे आपण, या सहा महिन्यांत मागे फिरतो का? पदयात्रेची खरी परीक्षा येथे आहे. हरेगावच्या वाटेवर मागचा माणूस दिसतो, कारण तो नजरेच्या टप्प्यात असतो. फडावर गेलेला माणूस दिसत नाही. रविवारी बाक रिकामा असतो, आणि तो लवकरच दुसऱ्या कोणाच्या सवयीचा होतो.

म्हणून यंदा आपण तीन गोष्टी करू शकतो. एक, यात्रेहून परतल्यावर प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने आपल्या वस्तीवरून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची नावे लिहावीत. कोणत्या कारखान्याकडे जात आहेत, फोन नंबर कोणता, घरी कोण राहणार, हे त्यात असावे. ती वही धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेवू आणि सामुदायिक प्रार्थनेत त्यांची आठवण करू. दोन, ज्यांची मुले मागे राहतील, त्यांना हंगामी वसतिगृहाची सोय गावातल्या शाळेत आहे का, हे समूहातील शिकलेल्या तरुणांनी वेळेत विचारून द्यावे. पालक गेल्यावर विचारून उपयोग नाही. तीन, शक्य असेल तेथे आम्ही जवळच्या धर्मग्रामाच्या फादरांना कळवू, म्हणजे नाताळला तरी त्यांना मिस्सा मिळेल. यातली कोणतीही गोष्ट मोठ्या खर्चाची नाही. चाल थोडी कमी करावी लागेल, इतकेच.

पदयात्रींसाठी

ज्यांनी नावे दिली आहेत, त्यांनी निघण्याआधी पापनिवेदन करावे. नवी चप्पल किंवा बूट घालून निघू नये, आठ दिवस वापरलेलेच घालावे. औषधे स्वतःच्या पिशवीत ठेवावीत, टेम्पोत नको. हमरस्त्यावर एका रांगेत चालावे. अंधारात पुढच्याने आणि शेवटच्याने बॅटरी धरावी. मुक्कामाची जागा निघताना झाडून द्यावी, प्लास्टिक मागे राहू नये. आणि यंदा एक नवी नेमणूक असेल. रोज दोन तरुण रांगेच्या अगदी शेवटी चालतील. त्यांच्या मागे कोणी राहणार नाही. त्यांना आपण दानचे वंशज म्हणू! ज्यांना हे काम हवे, त्यांनी येत्या रविवारी नाव द्यावे. झेंड्यासाठी जशी चढाओढ लागते, तशी यासाठीही लागो.

लहान ख्रिस्ती समूहांसाठी प्रश्न

१. उत्पत्ती ३३ मधील याकोबाचे उत्तर मिळून वाचा. आपल्या घरात चाल कोण ठरवते? सर्वांत वेगवान की सर्वांत दुबळा?

२. मिर्यामची चूक असूनही लोक थांबले. आपल्या वस्तीवर "तिचीच चूक" म्हणून आपण कोणाला मागे सोडले आहे?

३. लूक २:४१-५० वाचा. गेल्या वर्षभरात मिस्साला दिसेनाशी झालेली तीन नावे आठवा. त्यांच्या घरी या आठवड्यात कोण जाईल?

४. आपल्या वस्तीवरून यंदा किती कोयते जाणार आहेत? त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का?

प्रार्थना : हे प्रभू, तू एमाऊसच्या वाटेवर दोन थकलेल्या शिष्यांच्या चालीने चाललास. आमच्या पायांना बळ दे आणि आमच्या घाईला आवर घाल. जे मागे राहिले त्यांच्या मागे तू उभा आहेस, हे आम्हाला दिसू दे. मतमाउली, तू आपल्या पुत्राला शोधायला परत फिरलीस. आम्हालाही परत फिरायला शिकव. आमेन.